पाटल्यांची लगड झाली, चोर सुटायच्या बेतात आहे. आता पुढे काय?

नीराकाठ
मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे चुलतभावाच्या लग्नाला गेलो होतो. परत आलो तर कडीकोयंडा तुटलेला, कपाट सताड उघडं. आईच्या पाटल्या, बोरमाळ आणि ज्वारीच्या डब्यातले बावीस हजार गेले. फिर्याद दिली, पंचनामा झाला, ठसेवाले आले आणि काळी पावडर उडवून गेले (ती आम्ही गणपतीपर्यंत पुसत होतो). अकरा दिवसांत चोर सापडला. इथवर पोलिसांचं कौतुकच आहे, उगाच नावं ठेवणार नाही.

बोरमाळ जशीच्या तशी मिळाली. पाटल्या मात्र कुणीतरी आटवून टाकल्या होत्या, त्यांची लगड हस्तगत झाली. ओळख पटवायला आईला बोलावलं, तेव्हा ती लगड हातात घेऊन म्हणाली, "ह्यात मी काय ओळखू?" दोन्ही वस्तू मुद्देमालात जमा झाल्या. तेव्हापासून आम्ही तारखांना जातो. दोषारोपपत्र कधी गेलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, चहावाल्याकडून कळलं.

मुलगा बाविशीतला. आमच्याच गावचा, तीन गल्ल्या पलीकडचा. आमच्याकडे चोरी करायच्या तीन आठवडे आधीच आतून सुटला होता. आधीचा गुन्हा मोबाईल चोरीचा. चार महिने आत काढले, गुन्हा कबूल केला, 'भोगली तेवढी शिक्षा पुरे' म्हणून बाहेर.

एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर आईशेजारी एक बाई बसली होती. डबा घेऊन आलेली. तिने आईला विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" आई म्हणाली, "माझ्या पाटल्या." मग बोलता बोलता कळलं की ती त्या मुलाची आई.

माझा प्रश्न दोन्हीकडचा आहे. एक, आमच्यासारख्यांसाठी सरकारदरबारी काही सोय असते का? दोन, हा मुलगा पुन्हा सुटेल, तो पुन्हा कुणाचा तरी कोयंडा तोडू नये म्हणून कुणी काही करतं का? मला त्याचा पुळका आलेला नाही. पण तो तीन गल्ल्यांवर राहतो, हे काही बदलणार नाही.

टवाळखोर
सोपं आहे. कुलूप चांगलं घ्या आणि ज्वारीच्या डब्यात ज्वारी ठेवा.

अंजिरी
टवाळ, प्रत्येक धाग्यावर पहिला प्रतिसाद द्यायचं बक्षीस आहे का?
नीराकाठ, "माझ्या पाटल्या" वाचून हसू आलं आणि लगेच गप्प झाले. वाचतेय.

सनदवाली
तालुका आणि जिल्हा कोर्टात अठरा वर्षं काळा कोट घालून फिरते आहे, त्यामुळे लिहायचा हक्क समजून लिहिते.

आधी दागिन्यांचं. मुद्देमाल खटला संपेपर्यंत ठाण्याच्या कपाटात पडून राहिलाच पाहिजे, असं मुळीच नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वस्तू मालकाला देऊन टाका. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ कलमात मुदतीही घातल्या आहेत. माल कोर्टापुढे आला की चौदा दिवसांत त्याचं वर्णनपत्र, फोटो, आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याचं काय करायचं याचा आदेश. पण अर्ज केल्याशिवाय कोर्टात कागद हलत नाही. तुम्ही अर्ज केलाय का?

दुसरं, त्याच संहितेच्या १९३ कलमाखाली तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. मेसेजवर कळवलं तरी चालतं. चहावाल्याची नेमणूक त्यासाठी झालेली नाही.

नीराकाठ
अर्ज? आम्हाला वाटलं ते आपोआप मिळतं. सरकारी वकिलांना भेटलो होतो. त्यांच्यापुढे पंचवीस फायली, ते म्हणाले "होईल होईल".

सनदवाली
सरकारी वकील सरकारचा असतो, तुमचा नाही. हे लोकांना पहिल्या दिवशी कुणीच सांगत नाही. तुमच्या आईंसाठी मात्र फुकट वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ बघा. बाईला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती तुमच्या कोर्टाच्या आवारातच असणार, बहुधा कुठल्यातरी जिन्याखाली. हेल्पलाईन १५१००.

राजमाची
भरपाईची योजना असते ना? ती लाखांची. पेपरात येतं.

सनदवाली
असते, पण कुणासाठी ते नीट बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने ३५७-अ आलं, आता ते ३९६ आहे. त्याखाली राज्याची पीडित भरपाई योजना आहे. खून, बलात्कार, ॲसिड, कायमचं अपंगत्व, अशा जिवावरच्या गोष्टींसाठी. घरफोडीत गेलेल्या पाटल्यांसाठी नाही. आरोपीकडून भरपाई वसूल करून द्यायचा अधिकार कोर्टाला वेगळा आहे (जुनं ३५७, नवं ३९५). २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शेतावरच्या मारामारीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भरपाईचा विचार करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे, द्यायची नसेल तर का नाही ते लिहा. पण ज्याच्या खिशात बसभाडं नाही त्याच्याकडून काय वसूल करणार?

कोरडवाहू
मी मराठवाड्यात एका संस्थेत काम करते, पीडित मुली आणि बायकांसोबत. जिल्हा सांगणार नाही आणि कुठलीही ओळख पटेल असं लिहिणार नाही. तो कायदाच आहे आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं.

आपल्याकडे बलात्कार, ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठीची मनोधैर्य योजना २०१३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाली. तेव्हा दोन-तीन लाखांची होती, २०१७ मध्ये दहा लाखांपर्यंत गेली आणि काम महिला-बालविकासाकडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. हा बदल मला तरी चांगला वाटला. आधी बैठक लागायची तेव्हा बैठक, आता निदान एक कायमचं कार्यालय आहे आणि तिथे एक न्यायाधीश बसतो. पैशातला मोठा भाग मुदत ठेवीत जातो. त्यावर आमच्या टीममध्येच दोन मतं आहेत. ठेव नसेल तर पैसे काका-मामा घेऊन जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ठेव असेल तर मुलीला गाव सोडून तालुक्याला खोली करायची असते तेव्हा हातात काही नसतं.

आणि पैसा हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असा की आरोपी जामिनावर सुटतो आणि त्याचं घर त्याच वस्तीवर असतं. पाण्याचा नळ एकच. एक मुलगी सहा महिने पहाटे चारला पाणी भरत होती, का ते कुणी विचारलं नाही. जामिनाच्या वेळी पीडितेचं म्हणणं ऐकायला हवं हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पण 'ऐकणं' म्हणजे नोटीस घेऊन शिपाई दारात येणार. तो आला की सगळ्या वस्तीला पुन्हा कळतं.

अंजिरी
बाप रे. पहाटे चार.
पोलीस ठाण्यात ते समुपदेशन केंद्र असतं ना? माझ्या मावशीला त्याचा खूप उपयोग झाला होता.

कोरडवाहू
हो, महिला व मुलांसाठी विशेष कक्ष. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला. कल्पना साधी होती: बाई येते पोलीस ठाण्यातच, तर समाजकार्यकर्तीने तिथेच बसायचं. पगार पोलिसांचा नाही, खुर्ची मात्र त्यांच्या इमारतीत. पुढे सरकारने राज्यभर उचललं. नागपूर-पुण्याकडचे भरोसा सेल त्याच वाटेवरचे. जिथे ती कार्यकर्ती टिकते तिथे फरक दिसतो. पण ही पदं कंत्राटी असतात. मानधन अडकतं, ती सोडून जाते, नवी येते, बाई पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगते.

येरळेकाठ
समुपदेशन म्हटलं की मला 'तडजोड' आठवते, आणि 'तडजोड' म्हटलं की आमचं गाव. आम्ही तासगावकडचे. २००७ च्या १५ ऑगस्टला आबांनी (तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील) तंटामुक्त गाव मोहीम आणली तेव्हा मी कॉलेजात होतो. बांधाचे, वाटेचे, भावकीचे दावे खरंच मिटले, खोटं बोलणार नाही. माझ्या आजोबांचा एकवीस वर्षांचा पाणंदीचा दावा दोन बैठकांत मिटला, दोन्ही घरांनी एकमेकांकडे जेवण केलं. गावाला बक्षीस मिळालं, वेशीवर कमान झाली.

पण गुण मिळायचे तंटे मिटवल्याचे. मग काय, जे मिटवायचे नव्हते तेही मिटवले. आमच्या आळीतली एक बाई नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन निघाली होती. तिला वेशीवरूनच परत आणली. "गावाचं बक्षीस जाईल" म्हणाले. कमान अजून आहे, रंग उडालाय. बाई माहेरी गेली ती गेलीच.

खडूस आजोबा
हे सगळं ठीक आहे. पण मूळ मुद्दा सोडून तुम्ही सगळे मऊ बोलताय. चोर तो चोर. पूर्वी ठाण्यात दोन पट्टे पडले की माणूस सरळ व्हायचा. आणि स्पष्ट बोलतो, काही जमातींचा हा धंदाच आहे, पिढ्यानपिढ्या. तो मुलगा कुठला ते आधी विचारा.

येरळेकाठ
आजोबा, वय बघून गप्प बसणार होतो, पण नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तारांच्या कुंपणात ठेवल्या, हजेरी लावली. सोलापूरची सेटलमेंट माहितीच असेल तुम्हाला. १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा गेला आणि १९५९ मध्ये इथे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर जमातीऐवजी माणूस आला, ठाण्यातली यादी तीच राहिली. आजही कुठे चोरी झाली की पहाटे पालांवर गाडी जाते. ज्याला काहीही न करता उचललं जातं त्याने 'सुधारायचं' म्हणजे नेमकं काय करायचं?

नीराकाठ
आजोबा, तो मुलगा आमच्याच आळीपलीकडचा आहे. आडनाव सांगितलं तर तुमच्या सोयरिकीत निघायचा.

टवाळखोर
=))

खडूस आजोबा
बरं. शब्द मागे घेतो जमातीपुरता. पट्ट्याचा नाही.

बराकीबाहेर
नमस्कार. कारागृह विभागातून निवृत्त. लिपिक होतो, गणवेशाचा रुबाब नाही, पण बत्तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांची रजिस्टरं माझ्या हाताखालून गेली. पट्ट्याचं म्हणाल आजोबा, तर ते खाऊन आलेलेच आमच्याकडे परत परत यायचे.

आमच्याकडे जुने लोक म्हणायचे, तीनशेदोनवाला परत येत नाही, तीनशेऐंशीवाला येतो. म्हणजे खुनातला माणूस चौदा-सोळा वर्षं काढून गेला की सहसा पुन्हा दिसत नाही. घरचोरीवाला मात्र पावसाळ्यासारखा, दरवर्षी. (आता कलमांचे आकडे बदलले, ३८० चं ३०५ झालं, घरफोडीचं ३३१. आमच्या म्हणीचं काय करायचं?)

त्याचं कारण माझ्या परीने सांगतो. खुनातला माणूस पक्का कैदी असतो, म्हणजे शिक्षा लागलेला. त्याला काम मिळतं. येरवड्याला सुतारकाम, हातमाग, बेकरी. पगार जमा होतो. संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) मिळते, नियमांप्रमाणे. घराशी धागा राहतो. वागणूक चांगली असेल तर खुल्या कारागृहात जातो, पैठणला शेती करतो. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर सगळ्यात जुनं, १९३९ चं. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी सुरू केलं, डोक्यात कल्पना मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरची. कैद्यांना माळरानावर मोकळं सोडलं, बायकामुलांना सोबत राहू दिलं, भिंत बांधली नाही. त्यावरून १९५७ साली निघालेला 'दो आँखें बारह हाथ' सगळ्यांनी पाहिलाय, जागा बघायला कुणी जात नाही. अलीकडे, २०२२ च्या महाराष्ट्रदिनी राज्य सहकारी बँकेने येरवड्यात जिव्हाळा कर्ज सुरू केलं. पन्नास हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी, बाहेरचा जामीनदार नको, कैद्याच्या कामाच्या मजुरीवर. मुलीचं लग्न, वकिलाची फी, घराचं छप्पर यासाठी. सावकारापेक्षा बरंच.

आता तुमचा बाविशीतला मुलगा बघा. तो कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला. कागदावर 'न्यायाधीन बंदी'. त्याला सक्तीचं काम नाही, म्हणून पगार नाही, म्हणून कर्ज नाही, म्हणून रजा नाही, खुलं कारागृह तर नाहीच. दिवसभर बराकीत. पन्नासच्या जागी दीडशे. शेजारी कोण झोपणार हे नशिबावर. बाहेर ज्याला पाकीटमारीच जमत होती, तो चार महिन्यांत कपाट कसं उघडायचं आणि सोनं कुठे आटवून मिळतं ते शिकतो. शिकवणारे रिकामेच असतात.

सनदवाली
बराकीबाहेर, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे तीन कच्चे होते. म्हणजे सुधारणेच्या ज्या योजनांची उद्घाटनं होतात त्या चौथ्या माणसासाठी.

नीराकाठ
थांबा थांबा. म्हणजे त्याच्या बाजूने योजना आहेत त्या मोठ्या गुन्हेगारांना, आणि आमच्या बाजूने आहेत त्या मोठ्या गुन्ह्यांतल्या पीडितांना. ज्यांचा खरोखर जीव गेलाय, अब्रू गेलीय त्यांना आधी मिळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण छोटी चोरी करणारा आणि छोटी चोरी झालेला, दोघांच्याही वाट्याला फक्त तारीख?

बराकीबाहेर
तसंच. आणि संख्येने तुम्ही दोघंच जास्त.

लंडनवारी
इकडून थोडी भर. मी अकरा वर्षं लंडनजवळ आहे. आमच्याकडे घरफोडी झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी पीडित-सेवेचा फोन आला, दार दुरुस्त झालं का, झोप लागते का. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक पोलीस भागांत लोकांनी निवडलेला आयुक्त असतो आणि या स्थानिक सेवांचा पैसा तो वाटतो. कोर्टात 'माझ्यावर काय परिणाम झाला' हे स्वतःच्या शब्दांत लिहून देता येतं, मी दिलं होतं. गंभीर गुन्ह्यात आरोपी सुटायची वेळ आली की पीडिताला आधी कळवायची व्यवस्था आहे. तयारी असेल तर मध्यस्थासोबत समोरासमोर बसताही येतं.

स्वर्ग नाहीये पण. सुटलेल्यांवर देखरेख करणारं प्रोबेशन खातं २०१४ मध्ये अर्धं खासगी कंपन्यांना दिलं. ते इतकं बिघडलं की २०२१ मध्ये परत सरकारकडे घ्यावं लागलं. आणि आमचा चोर? सापडलाच नाही. फोन मात्र छान आला.

राजमाची
म्हणजे इकडे चोर सापडतो फोन येत नाही, तिकडे फोन येतो चोर सापडत नाही.

अंजिरी
प्रोबेशन आपल्याकडे नाहीच का?

सनदवाली
आहे की! १९५८ चा कायदा आहे, आणि मुंबई प्रांतात त्याच्याही आधीपासून, १९३८ पासून. मला या धाग्यावर सगळ्यात जास्त याचाच राग काढायचाय.

परिविक्षा म्हणजे कोर्ट दोषी ठरवतं, पण तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या नजरेखाली. कलम ४. एकवीसच्या आतला असेल तर कलम ६ म्हणतं की तुरुंगात पाठवायचंच असेल तर कारण लिहा. आणि हे लक्ष देऊन वाचा, कलम ५ खाली त्याच आदेशात पीडिताला भरपाई द्यायला लावता येते. म्हणजे मुलगा कामाला लागतो, दर महिन्याला अधिकाऱ्यापुढे हजेरी देतो आणि नीराकाठच्या आईंचे बावीस हजार हप्त्याने फेडतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर सहासष्ट वर्षांहून जुन्या कायद्यात एका पानावर बसलंय.

मग होत का नाही? जिल्ह्याला परिविक्षा अधिकारी किती असतात ते एकदा मोजा. तेच बालगृहं बघतात, तेच बालन्याय मंडळाचे अहवाल लिहितात. कोर्टाने अहवाल मागवला तर दोन महिने. तोवर आरोपी आत. त्याचा वकील म्हणतो, "साहेबांना कबूल कर, भोगलेल्यात सुटशील, संध्याकाळी घरी." बाविशीतला पोरगा काय निवडेल? मीही असा सल्ला दिलाय, नाही म्हणत नाही. एका सहीने तो बाहेर, माझी फाईल बंद, कोर्टाचा निकाल झाला, पोलिसांची दोषसिद्धी वाढली. सगळे खूश. फक्त त्याच्या नावावर शिक्षा लागली आणि त्याच्याकडे बघणारं कुणी राहिलं नाही. परिविक्षेत सुटला असता तर कलम १२ ने ती शिक्षा नोकरीच्या आड आली नसती.

खडूस आजोबा
हप्त्याने पैसे फेडणं मला पटलं. हे आधी का नाही सांगितलंत?

बराकीबाहेर
सुटायच्या दिवसाचं सांगतो. जामिनाचा आदेश कारागृहाच्या पेटीत ठरल्या वेळेआधी पडला तर त्या संध्याकाळी सुटका, नाही तर आणखी एक रात्र. नाव-खुणा जुळवतात, जमा केलेलं सामान देतात. पाकीट, पट्टा, बॅटरी मेलेला मोबाईल. फाटकाबाहेर कुणी असेल तर बरं. नसेल तर समोरच्या टपरीवर जुने मित्र असतात. ते न चुकता येतात. घरचे येत नाहीत, कारण घरच्यांना आदेश झालेलाच माहीत नसतो.

मुंबईत टाटा संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून या फाटकावर काम करतो. कच्च्या कैद्यांना वकील मिळवून देणं, सुटल्यावर राहायची सोय, काम शिकायला कुठेतरी चिकटवणं. मी त्यांच्या कार्यकर्त्यांना रजिस्टर दाखवून दाखवून कंटाळायचो. पण त्यांनी नेलेल्यांतले बरेच मला पुन्हा रजिस्टरात भेटले नाहीत, हे मान्य करतो. हे मोजमाप नव्हे, लिपिकाची आठवण आहे.

राजमाची
आणि जामीन मंजूर होऊनही आत राहणारे? पाच हजार नाहीत म्हणून?

सनदवाली
खूप. जामीनदार हवा, त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक हवं, तलाठी-तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला हवा. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तेव्हा कच्च्याला जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, दंड न भरल्याने अडकलेल्याला पंचवीस हजारांपर्यंत. तिच्यासाठी जिल्ह्यात समिती आहे. समितीपुढे नाव न्यायला माणूस लागतो. हल्ली जिल्हा कोर्टात 'लोक अभिरक्षक' कार्यालयं झालीत, तिथले पूर्णवेळ वकील हे करू शकतात, काही करतातही.

टवाळखोर
एक गंभीर प्रश्न (हो, जमतं मला). नव्या कायद्यात सामुदायिक सेवेची शिक्षा आलीय ना? मग गटारं साफ करायला लावा.

सनदवाली
आलीय, सहा किरकोळ गुन्ह्यांपुरती. चोरीत फक्त पाच हजारांखालची, पहिल्यांदाच केलेली आणि माल परत केलेली. काम कुठलं, बघणार कोण, हजेरी कोण घेणार, यात मेख आहे. २०२४ च्या मे मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण जीव गेले आणि जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध आला. तेव्हापासून 'सुधारणा' म्हटलं की लोकांना निबंधच आठवतो. त्या दिवशी या कल्पनेचं दहा वर्षांचं नुकसान झालं असं माझं मत. आणि मेलेल्यांच्या घरी त्या आदेशाआधी कुणी काही विचारलं होतं का, हा प्रश्न तर निबंधाच्या थट्टेत हरवूनच गेला.

कोरडवाहू
एक सांगते आणि थांबते. 'दोन्ही बाजू' हे घरफोडीत ठीक आहे. माझ्याकडच्या मुलींना कृपा करून कुणी समोरासमोर बसवू नका. येरळेकाठ यांची वेशीवरची कमान डोळ्यांपुढे ठेवा. पण एक बारीकशी गोष्ट चालेल. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितासाठी बाजूला काढावा. भेट नको, पत्र नको, माफी नको. नुसती दर महिन्याला खात्यात पडणारी रक्कम. मी ज्या काहींना विचारलं त्यांतली एक म्हणाली, "त्याच्या घामाचे असतील तर घेईन." दुसरी म्हणाली, "त्याचा पैसा विटाळ." दोघींचंही बरोबर आहे.

नीराकाठ *(सोळा दिवसांनी)*
अहवाल देतो, म्हणजे धागा वर येईल.

विधी सेवा समितीचं कार्यालय खरोखर जिन्याखाली निघालं. सनदवाली, तुम्हाला कसं कळलं? आईच्या नावाने वकीलबाई मिळाल्या, एक पैसा लागला नाही. अर्ज गेला. कोर्टाने पावती मागितली. १९७४ च्या पाटल्यांची पावती कुठून आणू? शेवटी आईच्या लग्नातला फोटो नेला. त्यात वडिलांचा चेहरा फुटेजमधल्या संशयितासारखा आलाय, पण पाटल्या आणि बोरमाळ स्वच्छ दिसतात. तो चालला.

फोटो, वजन, बंधपत्र, आणि परवा बोरमाळ व लगड दोन्ही सुपूर्दनाम्यावर घरी आली. अट अशी की खटला संपेपर्यंत विकायचं नाही, रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायचं. म्हणजे लगडीच्या पाटल्या घडवता येणार नाहीत. आईने ती लगड देवघरात तांब्याच्या ताम्हनात ठेवलीय. सुनबाई म्हणते, रोज आरती लगडीची चाललीय.

मुलाचं. आईने त्या बाईला लोक अभिरक्षक कार्यालयाचा नंबर दिला. मी नको म्हणालो होतो, तिने ऐकलं नाही. आता त्याच्या नव्या वकिलाने परिविक्षेचा अहवाल मागवायचा अर्ज केलाय. आमचे बावीस हजार हप्त्याने द्यायची तयारी लिहून दिलीय. सरकारी वकिलांचा विरोध आहे, म्हणतात आधीची शिक्षा आहे. विरोध चुकीचा आहे असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही. घरात भावाचं मत आजोबांसारखं आहे.

खडूस आजोबा
हप्ता चुकला तर?

नीराकाठ
तेच मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बंधपत्र मोडलं की कोर्ट पुन्हा बोलावतं आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. बोलावणार कोण, लक्ष ठेवणार कोण, तर परिविक्षा अधिकारी. आमच्या भागाला एकच आहेत आणि त्यांच्याकडे शेजारच्या तालुक्याचाही कार्यभार आहे. परवा ते मुलाच्या घरी चौकशीला येऊन गेले. नंतर आमच्याकडेही आले, 'पीडिताचं म्हणणं' घ्यायला. आठ महिन्यांत सरकारतर्फे आम्हाला काही विचारायला आलेला हा पहिला माणूस. स्कूटरवर, स्वतःच्या पेट्रोलने. आईने लगड दाखवली. ते बराच वेळ बघत बसले.

अंजिरी
आई काय म्हणाल्या त्यांना?

नीराकाठ
म्हणाली, "पैसे दिले नाहीत तरी चालतील, दाराचा कोयंडा त्याच्याकडूनच बसवून घ्या." तो वेल्डिंग शिकलाय म्हणे थोडं. अधिकाऱ्यांनी हे अहवालात लिहिलं की नाही ते माहीत नाही. भाऊ अजून रागात आहे.

टवाळखोर
लगडीचा फोटो टाका की.

नीराकाठ
मुद्देमाल आहे हो तो. १७ तारीख आहे, तेव्हा लिहितो.